प्रयोगशाळेतली खराब हवा आणि आपलं विज्ञान प्रदर्शन



विज्ञान प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "मॉडेल कुठे तयार मिळेल?" आपल्या पुण्यात याचं उत्तर सोपं आहे. अप्पा बळवंत चौकात जा. थर्माकोलची सूर्यमाला, रंगवलेला ज्वालामुखी, पवनचक्कीचा संच, जे हवं ते मिळतं. रात्री आई-बाबा डिंक लावतात, सकाळी मूल टेबलामागे उभं राहून पाठ केलेली चार वाक्यं म्हणतं. परीक्षक मान डोलावतात, प्रमाणपत्र मिळतं आणि सोमवारी मॉडेल कपाटावर जातं.

यात वाईट काय आहे, असं कोणी विचारेल. मुलाची हौस होते, चार लोकांसमोर बोलायची सवय होते, हे मलाही मान्य आहे. पण एक गोष्ट राहून जाते. या मॉडेलला आपण काहीच विचारत नाही. त्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. सोड्यात व्हिनेगर घातलं की फेस येणारच. तो आला की टाळ्या, आणि विषय संपला.

माझं मत असं आहे की मॉडेल दोन प्रकारचं असतं. एक दाखवायचं आणि दुसरं तपासायचं. आपल्या शाळांमधून पहिल्याच प्रकाराची चलती आहे. दुसरा प्रकार मुलांना बघायलाही मिळत नाही, आणि खरं विज्ञान मात्र त्याच्यावरच चालतं. या दुसऱ्या प्रकाराचं एक फार छान उदाहरण आहे. त्याचा आपल्या पुण्याशी संबंध आहे, म्हणून आज ते जरा सविस्तर सांगते.

तारे लुकलुकतात तेव्हा नेमकं काय होतं?

"तारे फार लांब आहेत म्हणून लुकलुकतात" हे उत्तर आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. ते अर्धवट आहे. ताऱ्याचा प्रकाश वर्षानुवर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत नीट, सरळ येतो. गडबड होते ती अगदी शेवटच्या काही किलोमीटरमध्ये, आपल्या हवेत.

उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्याकडे बघा. रस्त्यावरची हवा थरथरते आणि पलीकडची रिक्षा पाण्यात असल्यासारखी हलते. चुलीवर किंवा शेकोटीवरून पलीकडच्या माणसाकडे बघितलं तरी तेच दिसतं. गरम हवा विरळ असते, गार हवा दाट असते. प्रकाश एकातून दुसरीत शिरला की किंचित वाकतो. यालाच आपण अपवर्तन म्हणतो. दहावीच्या विज्ञानात या पाठात तारे लुकलुकण्याचा उल्लेख येतो, पण प्रश्न मात्र मुलांना पहिली-दुसरीतच पडलेला असतो.

आता थोडा हिशोब करू. हवेचं तापमान १ अंशाने बदललं तर तिचा अपवर्तनांक साधारण दहा लाखांत एक इतकाच बदलतो. वाटतं, एवढ्याशा फरकाने काय होणार? पण १ मीटर लांबीच्या हवेत १ अंशाचा फरक असेल, तर प्रकाशाच्या वाटेत सुमारे १ मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा फरक पडतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबीच मुळी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे शेजारशेजारचे दोन किरण एकमेकांच्या दोन पूर्ण लाटा मागे-पुढे झाले! दुर्बिणीचा आरसा घासताना कारागीर लाटेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त चूक चालवून घेत नाहीत. हवा त्याच्या कितीतरी पट चूक फुकटात करून देते, आणि दर क्षणाला वेगळी.

ग्रह मात्र फारसे लुकलुकत नाहीत. तारा आपल्याला एका बिंदूसारखा असतो, ग्रहाची छोटीशी चकती असते. चकतीच्या वेगवेगळ्या भागांतून येणारा प्रकाश वेगवेगळा डळमळतो आणि एकूण हिशोब बराचसा सारखा होतो. मुलांना गच्चीवर नेऊन गुरू किंवा शुक्र आणि एखादा तारा शेजारी दाखवला, तर हा फरक त्यांना स्वतःलाच सापडतो.

दोन मीटरची दुर्बीण, पण नजर दहा सेंटिमीटरची

पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, पुणे-नाशिक रस्त्यापासून आत, गिरवलीला आयुकाची वेधशाळा आहे. आयुका म्हणजे विद्यापीठाच्या आवारातली, जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था. गिरवलीच्या दुर्बिणीचा आरसा २ मीटर व्यासाचा आहे आणि ती २००६ पासून तिथे आहे.

आरसा मोठा असला की दोन फायदे होतात. प्रकाश जास्त गोळा होतो आणि बारीक तपशील वेगळा दिसतो. पहिला फायदा नेहमीच मिळतो. दुसरा मात्र हवा खाऊन टाकते. चांगल्या जागीसुद्धा हवेचा "सरळ" तुकडा साधारण १० ते २० सेंटिमीटरचाच असतो. त्याहून मोठ्या आरशावर एकाच वेळी अनेक वाकडेतिकडे तुकडे पडतात आणि ताऱ्याचा बिंदू पसरून ठिपका होतो. म्हणजे आरसा २ मीटरचा असो की ५ मीटरचा, तपशिलाच्या बाबतीत तो १०-२० सेंटिमीटरच्या दुर्बिणीइतकंच बघतो.

न्यूटनने हे १७०४ च्या आपल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात ओळखलं होतं. उपाय म्हणून त्याने उंच डोंगरावरची शांत हवा सुचवली होती. वेधशाळा डोंगरावर असतात त्यामागे हेही एक कारण आहे. पण डोंगरावर गेलं तरी हवा काही संपत नाही.

१९५३ मध्ये होरेस बॅबकॉक या अमेरिकन शास्त्रज्ञाने वेगळाच विचार मांडला. येणारी लाट किती वाकडी आहे हे सतत मोजायचं आणि दुर्बिणीतला एक आरसा उलट्या बाजूने तितकाच वाकवायचा. वाकडी लाट वाकड्या आरशावर पडली की सरळ होऊन परत निघेल. त्या काळात इतक्या झपाट्याने मोजणारी आणि आरसा हलवणारी साधनं नव्हती. खगोलशास्त्रात हे प्रत्यक्ष चालू व्हायला १९९० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. या तंत्राला अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. आपण त्याला "हवेनुसार बदलणारी दुर्बीण" म्हणू.

यातल्या एका महत्त्वाच्या यंत्रात पुण्याचा वाटा आहे. आयुका आणि अमेरिकेतली कॅलटेक यांनी मिळून 'रोबो-एओ' नावाची यंत्रणा बनवली. आयुकाच्या बाजूने ए. एन. रामप्रकाश आणि त्यांचे सहकारी त्यात होते. ही यंत्रणा कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर दुर्बिणीवर २०११ मध्ये बसवली गेली. डोळ्यांना न दिसणारा अतिनील लेसर आकाशात सोडायचा, १० किलोमीटर उंचीवरच्या हवेतून परत येणाऱ्या प्रकाशाचा "कृत्रिम तारा" करायचा, त्यावरून हवेचा वाकडेपणा मोजायचा आणि सेकंदाला हजाराहून जास्त वेळा आरसा बदलायचा. हे सगळं माणूस शेजारी नसताना, आपोआप. एका रात्रीत २०० हून अधिक तारे बघण्याइतका त्याचा वेग होता. केपलर दुर्बिणीने शोधलेल्या ७१५ संभाव्य ग्रहांच्या ताऱ्यांची तपासणी त्याच्या मदतीने झाली आणि ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे गिरवलीच्या दुर्बिणीसाठी अशीच यंत्रणा करायचं कामही आयुकाने हाती घेतलं.

खराब हवा मुद्दाम बनवायची

आता आपल्या मुद्द्याकडे येते. असं यंत्र बनवल्यावर ते चालतं की नाही, हे कसं बघायचं?

थेट दुर्बिणीवर नेऊन बसवलं आणि चित्र चांगलं आलं, तर ते यंत्रामुळे आलं की त्या रात्री हवाच शांत होती? चित्र वाईट आलं, तर यंत्र बिघडलंय की हवा फारच खराब होती? आकाशातली हवा एकदा गेली की परत येत नाही. तीच खळबळ उद्या पुन्हा मागवता येत नाही. शिवाय दुर्बिणीवरची एकेक रात्र फार मोलाची असते, पावसाळ्यात तर मिळतच नाही.

म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत टेबलावरच नकली आकाश बनवतात. रोबो-एओच्या पोटातही अशी एक छोटी नकली दुर्बीण आहे. खऱ्या ताऱ्याचा आणि १० किलोमीटरवरच्या लेसर ताऱ्याचा प्रकाश खऱ्या दुर्बिणीतून जसा येईल, अगदी तसाच ती आत सोडते. आणि नुसता तारा पुरत नसेल तेव्हा टेबलावर नकली हवाही तयार करतात. त्याच्या मुख्य तीन पद्धती आहेत.

पहिली पद्धत म्हणजे गरम हवेची पेटी. एका बाजूने हीटरची गरम हवा, दुसऱ्या बाजूने गार हवा, पंख्यांनी दोन्ही एकमेकींत मिसळायच्या आणि मधून प्रकाश सोडायचा. ही हवा खरीच असते. अडचण एवढीच, की तीच खळबळ दुसऱ्यांदा हुबेहूब मिळत नाही.

दुसरी पद्धत काचेच्या तबकडीची. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचसखल भाग तयार करतात. कोणी काच कोरतात, तर कोणी पारदर्शक लॅकरचे फवारे एकावर एक मारूनही स्वस्तात काम भागवतात. हे चढउतार कसेही नसतात. मोठे भोवरे किती, लहान किती, याचं जे प्रमाण रशियन गणिती कोल्मोगोरोव्हने १९४१ मध्ये मांडलं, त्याला धरून ते असावे लागतात. मग तबकडी हळूहळू फिरवायची, की तोच झाला वारा. दोन-तीन तबकड्या वेगवेगळ्या अंतरांवर ठेवल्या की जमिनीजवळची हवा आणि वरचे वारे असे थर तयार होतात. यातली गंमत अशी की तबकडी एक फेरी पूर्ण करून आली की तीच खळबळ पुन्हा येते. आज, उद्या, सहा महिन्यांनी, अगदी तीच!

तिसऱ्या पद्धतीत संगणकाने चालणारा द्रवस्फटिकाचा छोटा पडदा वापरतात. हवी तशी खळबळ संगणकावर काढायची आणि पडद्यावर पाठवायची.

अंकगणितही बघण्यासारखं आहे. २ मीटरचा आरसा टेबलावर २ सेंटिमीटरच्या किरणात बसवला, म्हणजे सगळं शंभर पट लहान केलं. मग १० सेंटिमीटरचा हवेचा सरळ तुकडा १ मिलिमीटरचा करायला लागतो. सेकंदाला १० मीटर वाहणारा वारा सेकंदाला १० सेंटिमीटर सरकणारी काच होतो. पण उंची मात्र शंभर पट कमी करून चालत नाही. प्रकाशाच्या लाटा पुढे जाताना पसरतात, आणि लाटेची लांबी काही आपण लहान केलेली नसते. त्यामुळे अंतर शंभराच्या वर्गाने, म्हणजे दहा हजार पटीने कमी करावं लागतं. १० किलोमीटर उंचीवरचा थर टेबलावर १ मीटरवर येतो. पाचवीच्या मुलांना नकाशाचं प्रमाण शिकवताना आपण "सगळं सारख्याच पटीत" म्हणतो. इथे तसं केलं तर मॉडेल खोटं पडतं!

दोन मॉडेलांतला फरक

या नकली आकाशात तारे सुंदर दिसत नाहीत. कोणी त्याचा फोटो काढून भिंतीवर लावणार नाही. ते मुद्दाम वाईट बनवलेलं असतं, आणि किती वाईट ते मोजून ठेवलेलं असतं. त्याचं काम एकच, यंत्राला हरवता येतं का ते बघणं. यंत्र हरलं तर ती बातमी टेबलावरच कळते आणि दुरुस्ती करता येते.

आपल्या प्रदर्शनातल्या सूर्यमालेला हा निकष लावून बघा. तिच्यात गुरू पृथ्वीच्या दुप्पट असतो, खरा तो व्यासाने अकरा पट आहे. अंतरांचं तर विचारूच नका. मी असं म्हणत नाही की सगळं प्रमाणातच हवं, ते टेबलावर मावणार नाही. पण "आपल्या मॉडेलमध्ये काय खरं आहे आणि काय सोयीसाठी बदललंय?" हा प्रश्न मुलाला कोणीच विचारत नाही. परीक्षकांच्या गुणपत्रिकेवर मांडणी, सादरीकरण, नावीन्य असे रकाने मी पाहिलेत. "मॉडेल कुठे चुकतं हे मुलाला माहीत आहे का?" असा रकाना अजून बघितलेला नाही. तो असायला हवा असं मला ठामपणे वाटतं.

वर्गात करून बघण्यासारखं

नुसतं मत देऊन थांबत नाही. चौथी-पाचवीच्या वर्गात जमेल असा एक प्रयोग सांगते.

साहित्य : विजेची शेगडी, लोखंडी तवा, मोबाईल (असेल तर बायनॅक्युलर) आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे असतो तसा अक्षरांचा तक्ता. तक्ता मुलांनीच करायचा. वरची ओळ ३ सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांची, खाली लहान होत होत १ सेंटिमीटरपर्यंत.

काळजी : शेगडीला आणि तव्याला फक्त शिक्षकांनी हात लावायचा. मुलांसाठी जमिनीवर खडूची रेघ आखायची, तिच्या पुढे कोणी यायचं नाही. लेसर पॉइंटर वापरायचा नाही.

कृती : तक्ता ६ मीटरवर भिंतीला लावा. मोबाईल अशा उंचीवर ठेवा की तापलेल्या तव्याच्या एक-दोन सेंटिमीटर वरून तक्ता दिसेल. झूम करून १० सेकंदांचा व्हिडिओ घ्या. आधी तवा गार असताना, मग तापल्यावर. तीन मुलांनी एकमेकांना न विचारता किती ओळी वाचता आल्या ते लिहायचं. असं पाच वेळा करायचं.

आता खरा प्रश्न : तवा मोबाईलजवळ ठेवला तर अक्षरं जास्त हलतील, की तक्त्याजवळ ठेवला तर? मुलांकडून आधी अंदाज लिहून घ्या. हा टप्पा गाळू नका. बरीच मुलं "तक्त्याजवळ" असं म्हणतील, कारण त्यांना वाटतं की अक्षरं हलतात ती तिथे. मग तवा हलवून बघा.

तवा मोबाईलजवळ असताना जास्त हलतं. प्रकाश वाकतो तो तेवढ्याच कोनात, पण त्या वाकण्याला पुढे साडेपाच मीटर अंतर मिळालं तर फरक मोठा होतो, अर्धाच मीटर मिळालं तर जाणवतही नाही. बटर पेपर अक्षरांवर चिकटवून आणि मग डोळ्याजवळ धरून बघितला, तरी मुलांना असाच फरक दिसेल. प्रयोगशाळेत काचेची तबकडी कुठे ठेवायची याची इतकी चर्चा का होते, ते इथे कळतं.

या प्रयोगात दाखवण्यासारखं काही नाही. रंग नाही, दिवे नाहीत. पण मुलाचा अंदाज चुकू शकतो, आणि का चुकला हे त्याच्याच वहीतल्या आकड्यांवरून समजतं. माझ्या मते हा एक तास दहा थर्माकोलच्या ग्रहांपेक्षा मोलाचा आहे.

अडचणी आहेतच

शिक्षकांची बाजू मला माहीत आहे, कारण मी त्यातलीच आहे. पट मोठा, ऑनलाइन माहिती भरायची कामं रोजची, अभ्यासक्रम संपवायची घाई. त्यात तीस मिनिटांच्या तासात तवा कुठे तापवत बसणार? माझं म्हणणं एवढंच आहे की वर्षातून दोनदा, सत्रात एकदा, असा एक तास काढूया. मोठ्या वर्गात गट करून एका गटाने अंदाज, एकाने मोजणी, एकाने नोंदी, असं वाटून देता येतं. शाळेच्या प्रदर्शनातही निदान एक टेबल "आमचा अंदाज कुठे चुकला" या नावाने राखून ठेवता येईल.

पालकांना एक विनंती आहे. या वर्षी मॉडेलवर चारशे-पाचशे रुपये घालवण्याआधी मुलाला विचारा, "यातून तुला काय शोधायचंय?" त्याला उत्तर देता आलं नाही, तर मॉडेल घेऊ नका. प्रश्न शोधायला आठवडा लागला तरी चालेल. आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास आयुका लोकांसाठी खुली असते, तेव्हा मुलांना घेऊन जा. तिथे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या मदतीने उभी राहिलेली मुलांची विज्ञान शोधिकाही आहे. टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी तिथे मुलं हातात घेऊन बघतात, मोडतात, पुन्हा जोडतात. तिथल्या लोकांना मुलांनी जरूर विचारावं, "तुमचं यंत्र चालतं हे तुम्ही कसं तपासता?"

तव्याचा प्रयोग आपल्या वर्गात केलात तर पाच वेळांचे आकडे खाली कमेंटमध्ये जरूर लिहा. माझ्या अंदाजापेक्षा वेगळं आलं तर आधी लिहा. वेगवेगळ्या शाळांचे आकडे एकत्र करून त्याचा एक तक्ता पुढच्या लेखात देते.

— एक प्राथमिक शिक्षिका, पुणे